उलटी कळी

दादा गेला त्या सकाळी पहिला फोन आला तो साहेबांचा. पलासियातल्या ज्यांच्या ऑफिसात तो शेवटपर्यंत इमारतींच्या नक्षीदार जाळ्यांच्या ड्रॉइंगचं काम करत होता, ते आर्किटेक्ट साहेब. "ताईजी, बहोत बुरा झालं... दादांच्या जुन्या ड्रॉइंग घरीच असतील ना? माणूस भेजून देतो." दादाला अजून घरातून उचललंही नव्हतं. मी फोन आपटला. त्याला आता महिना होईल, पण राग तसूभरही कमी झालेला नाही आणि तो व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

माझा हा थोरला भाऊ आधी मिलच्या डिझाइन खात्यात साड्यांचे काठ काढायचा. कापडावर कारागिराचं नाव कोण छापणार? म्हणून तिथे प्रत्येकजण आपल्या नक्षीत एक खूण ठेवून द्यायचा. दादाची खूण म्हणजे वेलीवरची एकच कळी, खाली डोकं वर पाय. मिलला टाळं लागलं, तो साहेबांकडे गेला, काठांच्या जागी जाळ्या आल्या. कळी तीच राहिली.

मग ऑफिसात कॉम्प्युटर आला. इंजिनियर झालेल्या एका मुलीनं असा प्रोग्राम बसवला की दादाच्या ड्रॉइंग बघून बघून मशीन त्याची ढब शिकणार आणि नव्या जाळ्या आपणच काढणार. "वो उलटी कळी मिटवून द्या," साहेब म्हणाले, "मशीन गलत शिकेल." दादा "जी" म्हणाला. सगळा गठ्ठा मल्हारगंजला घरी आणला आणि कळी पुसायची सोडून जिथे नव्हती तिथेही काढली! मशीनला दाखवून गठ्ठा परत घरी आला, साहेबांनी पुन्हा बघायची तसदी घेतली नाही. मशीन मात्र नीट शिकलं. लोकांना ती कळी आवडली, तसे साहेब सांगू लागले, "यही तो अपनी सिग्नेचर आहे." आणि दादाला बसवलं कोपऱ्यात, मशीनच्या रेघा साफ करायला.

"भांड ना रे त्यांच्याशी!" मी चिडायचे.

"कशाला? त्यांच्या मशीनला माझी सही शिकवलीय. करू दे ना जिंदगीभर."

शोकसभेत साहेब म्हणाले, "माझ्या डिझाइनांच्या रेघांवरून शाई फिरवणारा भला माणूस..." तेव्हाच ठरवलं, हे छापून आणायचं. वाचकहो, साहेबांनी बांधलेली कुठलीही इमारत बघा. जाळीत उलटी कळी दिसली की समजा, ती माझ्या भावाची सही. त्यांच्या स्वतःच्या बंगल्याच्या दर्शनी भिंतीवरही आहे. साहेब, आता रोज बघा, नाहीतर भिंत फोडा.

ड्रॉइंग न्यायला आलेल्या माणसाला मी रिकाम्या हातानं परत पाठवलं. दादाच्या टेबलावर शेवटचा कागद अजून ताणून लावलेला आहे. जाळी काढायची राहूनच गेली... कळी तेवढी त्यानं आधीच काढून ठेवली होती.