पेंढ्यातला भात

वहन, अभिसरण आणि प्रारण हे शब्द मी पहिल्यांदा वाचले ते वयाच्या तेविसाव्या वर्षी, सातवीच्या वर्गापुढे उभी राहण्याच्या आदल्या दिवशी. उष्णता तीन प्रकारे जाते हे मला ठाऊक होतं, पण इंग्रजीत. माझं सगळं शिक्षण कोथरूडच्या इंग्रजी शाळेत झालं आणि पुढे बी.एस्सी., बी.एड.ही तसंच. मुठा नदीच्या खोऱ्यातल्या एका मराठी शाळेत विज्ञानाचे शिक्षक लांब आजारपणाच्या रजेवर गेले आणि त्यांच्या जागी वर्षभरासाठी मला घेतलं. साल दोन हजार चार असावं. माझ्याशिवाय कोणी अर्ज केला नव्हता, हे मला नंतर कळलं.

मराठी मला बोलता येत होती, पुस्तकही वाचता येत होतं. हाताने लिहिलेलं मात्र वाचायला फार वेळ लागायचा. त्यात आमच्या शाळेत सूचनावही फिरायची. शिपाई तास चालू असताना वही घेऊन दारात उभा राहणार, बाईंनी वाचायचं, सही करायची, वही पुढच्या वर्गात. पन्नास मुलं माझ्याकडे बघत असताना मी एकेक अक्षर लावत बसायचे. मुख्याध्यापकांचं अक्षर तिरकं, वरची रेघ कुठेच नाही.

हे मी फक्त एका माणसाला सांगितलं. आमच्याकडे दोनच बाई होत्या. मुलं दुसऱ्या बाईंना थोरल्या बाई म्हणत आणि मला धाकट्या. थोरल्या बाई गणित शिकवायच्या, वीस वर्षं त्याच शाळेत होत्या. मी सांगितल्यावर त्या हसल्या नाहीत. "एवढंच ना? मी आहे की," म्हणाल्या. त्या दिवसापासून वही आधी शेजारच्या त्यांच्या वर्गात थांबायची, मग शिपायाबरोबर माझ्या दाराशी येऊन त्या हळूच सांगायच्या, "काही नाही गं, शनिवारी पालकसभा." मी सही करून मोकळी. डब्यातली अर्धी भाकरीही त्या मला द्यायच्या. आईला मी घरी सांगितलं होतं की तिथे एक बाई आहेत, म्हणून माझं निभतंय.

उष्णतेचा धडा दिवाळीनंतर आला. पुस्तकात थर्मासचं चित्र होतं आणि वर्गातल्या एकाही घरात थर्मास नव्हता. मी पिरंगुटला गाडी बदलायचे, तिथल्या शीतपेयांच्या दुकानातून माझ्याच थर्मासमध्ये बर्फ भरून घेतला आणि वर्गात घेऊन आले. एक तुकडा ताटलीत उघडा ठेवला, दुसरा घोंगडीच्या घडीत. विचारलं, "आधी कुठला वितळेल?"

"घोंगडीतला!" सगळा वर्ग एका आवाजात.

"घोंगडीत माणूस उबतंय बाई, बर्फाचं काय घेऊन बसलाय!"

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "न्हाई. उघडा हाय त्योच आधी जाईल."

"आली शास्त्रज्ञीण! म्हशी राखून शिकली व्हय गं?"

ती डोंगरावरच्या वाडीतून तासभर चालून यायची. वर्गात क्वचितच बोलायची, त्यामुळे ती मला आवडायची. मी विचारलं, "का गं असं वाटतं?"

"घोंगडीला सोताची ऊब कुटं हाय बाई? रिकामी असली की गारच लागती. ऊब आपली असती. ती निस्ती धरून ठिवती. आतलं भाईर जाऊ देत न्हाई, तसं भाईरचं आत येऊ द्यायची न्हाई."

पंधरा मिनिटांनी ताटलीत पाणी होतं आणि घडीतला तुकडा जवळजवळ तसाच. "बाई, तेवढ्याचं सरबत करा," कोणीतरी ओरडलं. मी बी.एड.ला या धड्याची टिपणं काढली होती. त्यात इतकं सरळ वाक्य नव्हतं.

तास संपल्यावर ती टेबलापाशी घुटमळली. म्हणाली, आमच्यात भात आसाच करत्यात. तिची आई एका बंगल्याच्या बांधकामावर रोजाने जायची. सकाळी निघताना तांदळाला चार उकळ्या आणायची, पातेलं झाकायचं, पेंढ्याने दाबून भरलेल्या टोपलीत बसवायचं आणि वरून गोधडीचा तुकडा. धाकटी भावंडं चुलीपाशी एकटी नकोत, म्हणून. दुपारी मुलं घरी येईपर्यंत भात शिजलेला आणि गरम.

दुसऱ्या दिवशी ती टोपलीच घेऊन आली. आम्ही प्रार्थनेनंतर शाळेच्या मागच्या चुलीवर चार उकळ्या आणल्या आणि टोपली वर्गाच्या कोपऱ्यात ठेवली. जेवणाच्या सुट्टीत गोधडी काढली तर माझ्या चष्म्यावर वाफ आली. वर्गाने तो भात नुसता मीठ लावून खाल्ला. एक घास थोरल्या बाईंनीही खाल्ला, म्हणाल्या, "हे तर पौडच्या विज्ञान प्रदर्शनाला पाठवायला हवं."

तालुक्याचं प्रदर्शन पौडला भरायचं. एका उपकरणामागे एकच विद्यार्थी. मी त्याच दिवशी मुलीला सांगितलं, "पौडला तूच जायचं, टोपली घेऊन. तिथे तूच सांगायचंस." तिने दोनदा विचारलं, "मीच ना बाई?" मी दोनदा हो म्हणाले. ती कधी पौडला गेली नव्हती. आठवडाभर शाळा सुटल्यावर आम्ही तयारी केली. मी परीक्षक व्हायचे, ती उभी राहून सांगायची, पेंढ्यात हवा अडकून असती म्हणून ऊब जात न्हाई. तिचं बोलणं मी सुधारलं नाही. मी कोण सुधारणारी? वाडीतल्या सगळ्यांना तिने सांगून टाकलं होतं. आईने नव्या भाताचा पेंढा आणि नवे तांदूळ वेगळे काढून ठेवले होते.

प्रवेशिका थोरल्या बाईंनी भरली. "तुझा तास असेल, मी लिहिते," म्हणाल्या. उपकरणाचं नाव, रचना, तत्त्व, सगळं त्यांच्या अक्षरात. मग माझ्यापुढे ठेवली. "वर्गशिक्षक म्हणून इथे सही. वाचून घे हं एकदा."

शिक्षकांच्या खोलीत आणखी तीन सर बसले होते. मी कागद हातात धरला. वाचणारा माणूस जेवढा वेळ धरेल तेवढाच वेळ धरला, डोळे ओळीवरून ओळीवर नेले. विद्यार्थ्याच्या नावापुढे आधी आडनाव लिहिलेलं होतं, ते मी ओळखलं. मुलीचंच होतं. अर्ध्या गावाचं आणि वरच्या वाडीचंही तेच आडनाव आहे, हे मला चांगलं माहीत होतं. पुढचं मी लावलं नाही. सही केली. थोरल्या बाई माझ्याकडेच बघत होत्या.

प्रदर्शनाच्या सकाळी शाळेच्या फाटकाशी जीप उभी होती. मुलगी डोक्यावर टोपली घेऊन उतारावरून आली. केसांना तेल चोपडलेलं, लाल रिबिनी. आई कामाला उशीर करून सोबत आली होती. जीपपाशी आणखी एक मुलगी इस्त्रीच्या गणवेशात उभी होती, शाळा समितीतल्या एका सदस्यांची. माझ्याच वर्गातली, हुशार, मऊ आवाजाची. तिच्या छातीवर बिल्ला लावलेला होता.

मला वाटलं, ती दुसरं काही घेऊन निघाली असेल.

मुख्याध्यापकांनी यादी वाचली. भाताच्या टोपलीपुढे त्या बिल्लेवाल्या मुलीचं नाव आलं. थोरल्या बाई पुढे झाल्या, म्हणाल्या, "दे बाळ ती टोपली. हिच्याकडे दे."

मुलीने टोपली खाली घेतली, पण सोडली नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिची आईही.

मी म्हणाले, "सर, यात काहीतरी चूक आहे. टोपली हिची आहे. मी हिलाच सांगितलं होतं."

सरांनी फायलीतून प्रवेशिका काढली आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढे धरली. "मॅडम, सही तुमचीच आहे ना?"

"हो."

"वाचून केलीत ना?"

तिथे जीपभर मुलं होती, ड्रायव्हर होता, समितीचे सदस्य स्वतः आलेले होते. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी म्हणाले, "हो."

आईने मुलीच्या हातातून टोपली सोडवली आणि स्वतः जीपमध्ये नीट ठेवली. "कलंडू दिऊ नका," एवढंच ड्रायव्हरला म्हणाली. मग मुलीला म्हणाली, "चल."

जीप निघाली तेव्हा मी थोरल्या बाईंना विचारलं. माझा आवाज फार बारीक निघाला. "बाई, तुम्ही असं का केलंत?"

"अगं, ती तिथे हाय-न्हाई करत बोलणार. परीक्षक हसतील. मी तिला हसं होण्यापासून वाचवलं, असं समज." मग पदर सावरत म्हणाल्या, "आणि लपवून तर काही केलं नाही ना मी? कागद तुझ्या हातात दिला होता. वाच म्हणाले होते."

ते खरंच होतं. म्हणूनच मला अजून राग धड काढता येत नाही. मी त्यांना माझं जे एकमेव गुपित दिलं होतं, त्याचा त्यांनी एकदाच, नेमका उपयोग केला. पुढच्या सोमवारी सूचनावही आली तेव्हाही त्या मला म्हणाल्या, "काही नाही गं, वजन-उंची घ्यायचीय मुलांची." मी वही त्यांच्याकडून घेतली आणि शिपायाला दारात उभं ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. वर्ग कुजबुजायला लागला. खरंच वजन-उंचीच होती.

टोपलीला तालुक्यात बक्षीस मिळालं आणि ती जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी ठेवून घेतली. मार्गदर्शक म्हणून थोरल्या बाईंचं नाव होतं. मुलगी त्या आठवड्यात शाळेत आली नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी वाडीची वाट विचारत वर गेले.

आई त्या दिवशी अर्ध्या रोजावर होती, कामावरून नुकती आली होती. तिने आधी माझ्या हातांकडे पाहिलं. "टोपली न्हाई आणली व्हय बाई?"

मी सांगितलं, ती आता पुण्याला जाणार, महिनाभर तरी येणार नाही.

"आसू द्या," ती म्हणाली. "चांगली विणलेली व्हती. आता पोरं दुपारी चूल पेटवत्यात, म्हनून म्हनलं."

मुलगी अंगणात सिमेंटच्या रिकाम्या गोणीत पेंढा भरत होती. पायाने दाबत होती, पुन्हा भरत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. येताना वाटेत मी वाक्यं जुळवली होती, ती सगळी गेली. मी म्हणाले, "मी तुझंच नाव समजून सही केली. मला हातानं लिहिलेलं मराठी पटकन वाचता येत नाही. मी वाचलंच नव्हतं."

हे मी थोरल्या बाईंनंतर फक्त तिला सांगितलं. आईवडिलांनाही कधी नाही.

तिने हात थांबवले आणि माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. लहान भाऊ काहीतरी थाप मारतो आणि आपण ती चालवून घेतो, तसं ती बघत होती.

"आसं कसं व्हईल बाई," ती हळूच म्हणाली. "तुमी फळ्यावर रोज लिवता की. इंग्रजी बी वाचता."

"ते वेगळं असतं."

"व्हय," ती म्हणाली आणि पुन्हा पेंढा दाबायला लागली.

आईने आतून हाक मारली, "बाई, चार घास खाऊन जा. इतक्या लांब आलाय."

मी उठून आत जाणार होते. मुलीने मान वर न करता सांगितलं, "नगं आई. त्यांची यष्टी चुकल."

एसटीला अजून तीन तास होते, आणि हे तिलाही माहीत होतं. मी म्हणाले, "हो, चुकेल," आणि उतरायला लागले.