समुद्रातल्या रस्त्यावर खाल्लेला ओरडा

मागच्या जानेवारीत लेकीने मला एका बेटावर नेलं. फ्रान्समध्ये, ती राहते त्या शहरापासून गाडीने दीड-दोन तास...

वंदनाला, माझ्या बायकोला, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. भिलाईतल्या सेक्टर ६ मधल्या घराला कुलूप लावून मी नेहाकडे गेलो होतो. ती माझ्याशी फार जपून बोलायची. "पापा, आप ठीक हो? कुछ चाहिए?" सगळं हिंदीत, हळू आवाजात.

आमच्या घरची मराठी वंदनासोबतच बंद पडली होती. बापलेक पाहुण्यांसारखे राहत होतो. मला त्याचाच जास्त त्रास व्हायचा, पण सांगणार कसं?

बेटावर थंडीत कोणीच नव्हतं. पांढरी बैठी घरं, आमच्या सेक्टरसारखी एकसारखी, सगळ्यांच्या खिडक्या बंद. कसंबसं एक कॉफीचं दुकान सापडलं.

परतीचा रस्ता समुद्राच्या तळातूनच जातो. ओहोटीला उघडा पडतो, भरतीला बुडतो. कोणी अडकलंच तर चढून बसायला मध्ये मध्ये उंच खांब आहेत.

नेहा फोटोसाठी थांबली. बाजूच्या चिखलात काही म्हातारी माणसं शिंपले खणत होती. मी बघायला उतरलो आणि चालतच गेलो... ती माणसं कधी निघून गेली, कळलंच नाही.

"ओ बाबा! कावून तिकडं जाऊन राहिले? पानी येऊन राहिलं, दिसत नाही का तुमाले?"

नेहा चिखलातून धावत येत होती. "बूट पाहा! आता खांबावर बसता का रातभर? मी नाही येत काढाले!"

"येऊन राहिलो ना बाई."

"येऊन राहिलो म्हणे! आईनं कसे काढले तुमच्यासंगं एवढे वर्षं!"

बोलली आणि वळून गाडीकडे चालू लागली. आई गेल्यापासून तिने 'आई' हा शब्द माझ्यासमोर काढला नव्हता.

गाडीत बसल्यावर ती मोठ्याने रडली. मीही रडलो... पाणी रस्त्याच्या कडेला आलं होतं. "रड, पन गाडी चालव आधी," मी म्हणालो. तशीच रडत, हसत तिने गाडी काढली.

आता मी भिलाईत आहे. रोज फोन येतो. "गोळी घेतली का? कावून नाही घेतली?"

माणूस गेलं की सगळे आपल्याशी हळू बोलतात. मायेनेच बोलतात. पण ओरडणारं कोणीतरी लागतं...

कधी कधी गोळी घेतलेली असते, तरी मी 'नाही' म्हणतो.