कोरड्या नळ्यांना पाणी

सांगवीच्या आमच्या घरावर सोलर बसवला तो ह्यांनी. चाकणच्या एका कंपनीत भट्टीपाशी उभं राहून सगळी नोकरी काढली, तरी रिटायर झाल्यावर ह्या माणसाला कौतुक कशाचं, तर गरम पाण्याचं. गच्चीवर त्या काचेच्या नळ्यांपाशी तासन्‌तास काहीतरी खुडबुड चालायची. मी म्हणायचे, "अहो, सवत आणून ठेवलीत वर." ते हसायचे आणि परत जिना चढायचे.

उन्हाळ्यात सोलरची काळजी उलटी असते. गरम पाणी कुणाला नको असतं आणि वर ड्रम उकळत असतो. म्हणून एप्रिल लागला की हे रोज सकाळी नळ्यांवर फ्लेक्स टाकायचे. चौकातून उतरवलेला, कुण्या भाऊंच्या वाढदिवसाचा. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी चारी कोपरे बांधायचे आणि म्हणायचे, "भाऊंना खाऊ दे ऊन. आपल्या नळ्या सावलीत बऱ्या." एक गोष्ट मात्र त्यांनी मला दहादा बजावली होती. नळ्या कोरड्या पडल्या असतील आणि वर ऊन असेल, तर गार पाणी सोडायचं नाही, तापलेली काच तडकते. झाकायच्या, संध्याकाळी निवल्या की मगच व्हॉल्व्ह उघडायचा. मी मान डोलवायचे. ऐकायचे किती, ते मलाच ठाऊक.

मग थंडीत त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, पहिले काही महिने महत्त्वाचे, जेवढं करून घ्याल तेवढं खरं. व्यायाम घ्यायला एक मुलगी रोज यायची. तिनं विचारलं, "काका, काय करायचंय बरं झाल्यावर?" हे म्हणाले, "गच्चीवर जायाचंय." वीस पायऱ्या होत्या. मार्च संपता संपता ते नववीपर्यंत पोचले. नववीवर उभे राहून धापा टाकत माझ्याकडे बघायचे, आणि मला वाटायचं, होईल, हा माणूस चढेल.

एप्रिलात पाण्याचे हाल सुरू झाले. आमच्याकडे पाणी दिवसाआड. त्यात लाइनचं काही काम निघालं आणि लागोपाठ दोन पाळ्या बुडाल्या. टाकी खडखडीत. भांड्यांचा ढीग पडलेला. मग मी मोठी हुशार! सोलरच्या ड्रमाची खालची तोटी उघडली, बादल्या भरून घेतल्या आणि भांडी घासली. नळ्यांत राहिलं होतं ते उन्हानं आटवलं. फ्लेक्स बांधलाच नव्हता. कंबर दुखत होती, आणि दोन दिवस नाही झाकलं तर काय आभाळ कोसळतंय, असं मीच मला सांगितलं होतं.

पुढच्या पाळीला भर दुपारी गल्लीत ओरडा झाला, "पाणी आलं, पाणी आलं!" हे शब्द कानावर पडले की आमच्या भागातल्या बाईचं डोकं चालत नाही, पाय चालतात. मी मोटर लावली, वर पळाले, दिसेल तो व्हॉल्व्ह उघडला. सोलरचासुद्धा. काही क्षण काहीच झालं नाही. मग एक नळी फुटली. मग दुसरी. मग मोजण्यात अर्थ उरला नाही. वाफ, काचा, आणि इतके दिवस वाट बघून आलेलं पाणी गच्चीभर वाहत होतं. मी चप्पल न घालता त्यात उभी होते.

खाली आले तर हे पलंगावर उठून बसलेले. "काय झालं?"

"शेजारी पत्रा पडला," मी म्हणाले.

खरं बोलले असते तर काय झालं असतं? रागावले असते, बास. पण मला लाज वाटली. दहादा सांगितलेलं न ऐकणारी बाई व्हायचं नव्हतं मला. दुसऱ्या दिवशी ते दहावी पायरी चढले, आणि मला आनंद झाला नाही, धसका बसला. वर पोचले तर दिसणार होतं सगळं. फिटर रोज "येतो उद्या, ताई" म्हणायचा, त्या मापाच्या नळ्या मिळत नव्हत्या. मग मी सुरू केलं. "राहू द्या आज, दमलात." "ऊन किती आहे, जिन्यात कोंडतंय." व्यायामाच्या मुलीलासुद्धा म्हणाले, घाई नको करूस बाई, खालीच चालव. नळ्या आल्या की चढवू, एवढाच माझा हिशेब. दहावरून ते सातवर आले, सातवरून तीनवर. मग गच्चीवर जायचं म्हणेनासेच झाले.

नळ्या बसल्या तेव्हा पावसाळा अर्धा सरला होता. त्याच दिवशी मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "चला, गच्चीवर जाऊ." ते पहिल्या पायरीपाशी आले. पाय उचलायला गेले. उचललाच नाही. परत प्रयत्न केला, माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला, तरी नाही.

मला रडू फुटलं. तिथंच, जिन्यात, मी सगळं सांगून टाकलं. तोटी, फ्लेक्स, व्हॉल्व्ह, पत्र्याचं खोटं.

ते भिंतीला टेकून उभे होते. "ठावं होतं की," ते म्हणाले. "काच फुटल्याचा आवाज मला कळत न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"नळ्यांचं काय, नळ्या येतात." शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता. "तू रोज राहू द्या, राहू द्या म्हनायलीस. मला वाटलं, तूच माझ्यापुढं हात टेकलेस. मग म्या कुनासाठी चढू?"

मी त्यांना धरून पलंगापर्यंत आणलं आणि झोपवलं. डॉक्टरांनी सांगितलेले महिने तेव्हा संपून गेले होते.