मिशी त्याची, आवाज दुसऱ्याचा

१४ डिसेंबर, रविवार, सकाळचे सात. तोवर झालेला खर्च एकावन्न हजार तीनशे रुपये. जागा रिठदमधली पिठाची गिरणी. हजर चौघं: मी, माझी बायको, गिरणीचा मालक आणि गिरणीच्या ओट्यावर बसून चहा पिणारा आमचा मुख्य नट. आदल्या संध्याकाळपर्यंत त्याला भरघोस मिशी होती. आता नव्हती.

"गर्मी होऊन राह्यली होती," तो म्हणाला.

"डिसेंबरात?" बायकोनं विचारलं.

"माह्या तोंडाची गर्मी मले माहीत, वहिनी."

रिसोडला माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. लग्नसराईत पोट भरतं. उरलेल्या दिवसांत मी स्वतःच्या शॉर्टफिल्म करतो. ही चौथी होती. आधीच्या तिन्ही फिल्मनी मिळून एक रुपयाही परत आणलेला नाही, हे मी कुणापासून लपवत नाही. या फिल्मसाठी शहाऐंशी हजार काढले होते, ते मुळात स्वयंपाकघराच्या फरशीचे. देताना बायको एवढंच म्हणाली होती, "फरशी राहू द्या. पण पिच्चर पुरा झाला पाह्यजे. अर्धा पिच्चर घरात पडलेला मले पाहावणार नाई."

फिल्म बावीस मिनिटांची. एका गिरणीवाल्याचे कान जात चाललेत आणि तो ते मुलीला सांगत नाही, एवढीच गोष्ट. नट म्हणून घेतलेल्या माणसाचं रिसोडला भांड्यांचं दुकान आहे, पण गाव रिठद. दिवाळीच्या सुमारास तिथं दंडार होते, म्हणजे पुरुषांनीच सगळी सोंगं घेऊन उभं केलेलं आमच्याकडचं नाटक. त्यात हा कित्येक वर्षं राजा. त्याला मी मिशीसाठी घेतला. तिच्यावर पीठ बसलं की माणूस काही न करता थकलेला दिसायचा. समोर मी त्याला भाऊ म्हणत होतो, अहोजाहो करत होतो. लिहिताना करणार नाही.

शूटिंग नऊ दिवसांचं. सहाव्या दिवशी संध्याकाळी त्यानं मला बाजूला घेतलं.

"पिच्चरच्या पाटीवर सगळ्यात आधी माह्या दुकानाचं नाव टाका. निर्माता म्हणून."

"भाऊ, निर्माता म्हणजे पैसे लावणारा. तुमी किती लावले?"

"माहं तोंड लावलं ना!"

"तोंडाचे रोज आठशे ठरले हायत."

"मंग पाहू, या तोंडाबिगर कसं करता तुमी."

आणि दुसऱ्या सकाळी ते तोंड असं घेऊन आला. नुकसान किती मोठं होतं ते सांगतो. सहा दिवसांच्या प्रत्येक दृश्यात मिशी होती. ती उगवायला दीड-दोन महिने लागणार. आणि गिरणीमालकानं जुनी मोटर आणि जात्याचे दगड विकले होते. घेणारा बुधवारी गाडी घेऊन येणार होता. त्यानंतर तिथं गिरणीच राहणार नव्हती. शिवाय गिरणीच्या घरघरीमुळे तिथला आवाज वापरण्याजोगा नव्हता. सगळे संवाद नंतर घरी, पडद्यावरचे ओठ पाहत, पुन्हा बोलून घ्यायचे होते. हे त्याला मीच पहिल्या दिवशी समजावून सांगितलं होतं. त्यानं नीट लक्षात ठेवलं होतं.

"मिशी उगवू द्या, शूटिंगवाले. अन् बोलायलेबी मीच लागतो तुमाले. नाव टाकलं का सांगजा." चहा संपवून, कप ओट्यावर पालथा घालून तो मोटारसायकलवर निघून गेला.

मी भांडलो नाही. मला तेव्हाच कळलं होतं की या माणसाला शिव्या देऊन माझं समाधान होणार नाही. त्याला जे सगळ्यात प्रिय आहे तेच त्याच्याकडून काढून घ्यायचं. ते काय, हे अजून ठरायचं होतं.

आधी फिल्म वाचवायची होती. वाशिमहून अडीचशे रुपयांची नकली मिशी आणली आणि दुसऱ्या एकाला लावून मोबाइलवर पाहिली. बायको म्हणाली, "हे मिशी नाई, केरसुणीचा तुकडा हाय." मग गिरणीमालकच पुढं झाला. त्याची उंची आणि बांधा नटासारखाच. पीठ नाकात जाऊ नये म्हणून तो रोज दुपट्टा डोळ्यांखाली गुंडाळूनच दळायचा. मी त्याला त्याच्या सवयीप्रमाणे दुपट्टा गुंडाळायला लावला, भुवयांवर पीठ मारलं आणि उरलेल्या तीन दिवसांचं काम त्याच्यावर केलं. पाठ, हात, घरघर हाताला कळावी म्हणून गिरणीच्या पेटीवर दाबून धरलेली बोटं. मुलीशी शेवटचं बोलणं मी समोरून घेणार होतो, ते पाठमोरं घेतलं. मंगळवारी संध्याकाळी शूटिंग संपलं. बुधवारी गाडी आली आणि दगड गेले.

राहिला आवाज.

दंडारीत त्या राजाच्या समोर राणी होणारा माणूस रिसोडच्या वेशीबाहेर भाजीचा मळा करतो. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. इतकी वर्षं तो राजाचं बोलणं दोन हातांवरून ऐकत आलेला, आणि राजा इतकी वर्षं त्याला "मागं हट, उजेडात येऊ नको" म्हणत आलेला. हे सगळं गाव जाणतं. मी मळ्यात गेलो आणि काम सांगितलं.

"त्याच्या तोंडात माहा आवाज?" तो पाणी द्यायचं थांबला. "त्याले ठाव हाय?"

"नाई."

"मंग उद्याच करू."

आमच्या मधल्या खोलीत खिडकीला गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, बायकोनं शेजारच्यांना मिक्सर लावू नका म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं, ओठ जुळवायला चार दिवस लागतील. दीड दिवसात झालं. राजा कुठं श्वास घेतो, कोणत्या शब्दावर अडतो, वाक्याच्या शेवटी हनुवटी कशी वर करतो, हे सगळं याला पाठ होतं. राणीचा बारीक आवाज मळेवाल्यानं काढलाच नाही. स्वतःच्या साध्या, खालच्या आवाजात बोलला. राजा मोठ्यानं बोलायचा. हा खरं बोलत होता. ऐकताना मला फिल्मचा आनंद झाला आणि त्याहून जास्त त्या भांडेवाल्याचं तोंड आठवून झाला.

मार्चमध्ये रिठदला शाळेच्या मैदानात पडदा लावला. आमंत्रण द्यायला मी स्वतः त्याच्या दुकानात गेलो. मिशी पुन्हा आली होती, पीळही दिलेला.

"पुरा केला?" त्यानं डोळे बारीक केले. "अन् आवाज?"

"झाला."

"माह्याविना?"

"या ना पाहाले. समोरची खुर्ची ठेवतो तुमाले."

तो शाल पांघरून आला. बायको, मुलाचे सासरे असलेले व्याही, दुकानातली माणसं सगळी घेऊन आला. खुर्ची मी खरंच पहिल्या ओळीत मधोमध ठेवली होती आणि मुलांना तिच्या भोवती दाटीनं बसवलं होतं, म्हणजे उठून जाणं सोपं नको. मी पडद्याकडे पाठ करून बाजूला उभा राहिलो. पडदा मी पाहिलेला होता. मला त्याला पाहायचं होतं.

पहिला जवळचा चेहरा आला. त्याचा चेहरा, त्याची मिशी, मिशीवर पीठ. ओठ हलले. आवाज आला.

मागून कुणीतरी ओरडलं, "अबे, राजाच्या तोंडातून राणी बोलून राह्यली!"

सगळं मैदान हसलं. व्याहीसुद्धा हसले, मग खोकल्यासारखं केलं. तो उठायला गेला, पण पायाशी पोरं होती. बसला. पुढचं मात्र मीही धरलं नव्हतं. पाच-सात मिनिटांनी हसणं थांबलं. मुलीशी बोलण्याच्या जागी बायका पदरानं डोळे पुसत होत्या. हसले तेव्हा त्यानं मान ताठ ठेवली होती. रडले तेव्हा खाली घातली. मला ते जास्त आवडलं.

शेवटच्या पाटीवर चेहऱ्याला त्याचं नाव, आवाजाला मळेवाल्याचं, पाठमोऱ्या कामाला गिरणीमालकाचं. तिन्ही एकाच मापाच्या अक्षरांत.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायच्या आधीच तो शटरपाशी उभा.

"माह्या तोंडात त्याचा आवाज काहून टाकला?"

"तुमी मिशी काहून काढली?"

"मी येऊन बोलतो. फुकट बोलतो. वरून अकरा हजार देतो. पण यूट्यूबवर टाकायच्या आधी ते काढा. माह्या पोरीचं सासर अकोल्याचं हाय. तिथं सगळे पाहतीन."

"पाहू द्या. चेहरा तुमचाच हाय."

"हात जोडतो, शूटिंगवाले."

त्यानं खरंच हात जोडले. मी ते नीट पाहून घेतले. मग सांगितलं की फिल्म पहाटेच टाकली आहे, आणि सहा दिवसांचे अठ्ठेचाळीसशे काढून त्याच्यासमोर ठेवले. त्यानं नोटांना हात लावला नाही. "ठेव तुह्या चितेवर," म्हणाला आणि गेला.

त्याचे पैसे माझ्याकडे राहणं मला परवडणारं नव्हतं. चौकात तो 'माहे पैसे बुडवले' म्हणत फिरला असता, आणि त्या एका वाक्यानं माझं सगळं काम पाण्यात गेलं असतं. म्हणून संध्याकाळी बायकोला साक्षीला घेऊन त्याच्या घरी गेलो. दार त्याच्या बायकोनं उघडलं.

"वहिनी, भाऊंचे कामाचे पैसे."

"या ना भाऊजी, बसा." तिनं ओसरीतच नोटा मोजायला घेतल्या. मोजता मोजता हळूच म्हणाली, "म्या सकाळपासून दोनदा पाह्यला मोबाइलवर. तसं बोलणारा माणूस घरात असता तं..."

"दार लाव!" आतून त्याचा आवाज आला.

"लावते. मोजू तं द्या!" ती तितक्याच मोठ्यानं म्हणाली, आणि तिनं माझ्या बायकोकडे पाहताच दोघी तोंडाला पदर लावून हसल्या.

मळेवाल्याला आवाजाचे तीन हजार आणि गिरणीमालकाला तीन दिवसांचे चोवीसशे याआधीच पोचले होते. नटाचे चार हजार आठशे त्या संध्याकाळी त्याच्या बायकोला दिले. तिनं ते पुन्हा एकदा मोजले आणि स्वतःच्या बटव्यात ठेवले.