समोरच्या फ्लॅटची चावी

मुलुंडला आमच्या मजल्यावर दुसरी चावी शेजारी ठेवायची पद्धत आहे. त्रिनिदादहून नोकरीसाठी आलेली समोरची भाडेकरूही महिनाभरात तिची चावी आमच्याकडे देऊन गेली. हा मान मी अख्ख्या विंगला ऐकवला.

तिच्या पणजीला बिहारमधून जहाजाने तिकडे ऊस तोडायला नेलं होतं. तिथे पणजीला नवऱ्यानेच फडात कोयत्याने तोडलं. पणजीचं चांदीचं कडं हिच्या मनगटात असायचं. "हात उचलणारा सोडायचा, काका. आमच्या घरात मुलींना हेच शिकवतात. मीपण सोडून आले." मी चहात बिस्किट बुडवत "अरेरे" म्हटलं. मला वाटलं, इतिहास चाललाय.

मग एका संध्याकाळी तिचा नवरा आला. मिठाईचा पुडा, राम राम, वाकून नमस्कार. जावईच जणू! नवराबायकोचं भांडण काय, मिटवून टाकू, म्हणून मी चावी दिली. ती ऑफिसातून आली तेव्हा दारात उभा राहून वर म्हणालो, "सरप्राइज आहे हं!"

दार लागलं आणि आत धाडकन काहीतरी आपटलं. मग किंकाळी. दुसरी चावी? ती मी आत पाठवलेली. बायको दार बडवत राहिली. शेवटी आतून कडी काढली ती त्या पोरीनेच, सरपटत येऊन. कपाळ फुटलेलं, मनगट लोंबतंय, आणि तो केस धरून मागे खेचतोय. मी हीरोसारखा मध्ये घुसलो. एका ठोशात माझी कवळी चपलांच्या रॅकखाली.

"मेल्या, सोड तिका!" बायकोने घरातून आणलेला वरवंटा त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

सुजलेल्या मनगटावरचं कडं डॉक्टरांना कापावं लागलं. ती रडली, ते तेव्हाच.

तो पोलिसांना म्हणाला, "तिनेच बोलावलं, तिनेच आत घेतलं." तिची तक्रार तिथेच लटकली. तिने माझ्याकडे पाहिलं. जन्मभर मी माझ्या फजित्या तिखटमीठ लावून सांगत आलोय. त्या दिवशी कवळीशिवाय, बोबड्या तोंडाने दोनच वाक्यं सांगितली आणि लिहून दिली: चावी मी दिली. ती त्याला सोडून आलीय हे माहीत असून दिली.

पोलिसांनी त्याला आत घेतलं.

तिने कुलूप बदललं आणि नवी दुसरी चावी परत आमच्याकडेच आणली. माझ्यादेखत बायकोच्या हातात दिली.

"काकी, कुठे ठेवली ते काकांना सांगू नका."

"ह्यांका? खुळी काय गो तू!"

घरात चावी कुठे आहे, मला अजून माहीत नाही. मी शोधतही नाही.