बाकाच्या तीन बाजू

महिन्याच्या पहिल्या रविवारी अंबरनाथच्या बागेत कुणीही यावं आणि चित्र काढावं, असा उद्योग एका निवृत्त चित्रकला शिक्षकांनी नव्वदच्या सुमारास सुरू केला होता. सतरंज्या अंथरलेल्या असत, कागद मास्तरच देत. शिवमंदिरात दर्शन उरकून आलेल्या बायका पिशव्या बाजूला ठेवून बसत, नातवंडं आजोबांच्या खडूंवर हक्क सांगत. नंबर नाही, बक्षीस नाही. इतकी साधी आणि इतकी चांगली गोष्ट मी नंतर कुठे पाहिली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सांगणं मला जड जाणार आहे.

कागदावर नाव घालायचं नसे. शेवटी चित्रं दोरीला चिमट्यांनी टांगली की मास्तर एकेकापुढे थांबून विचारत, "हे कुणाकडचं?" काढणाऱ्याने गप्प राहायचं आणि त्याच्या घरच्या माणसाने हात वर करून म्हणायचं, "आमच्याकडचं." सासूच्या वाकड्या मोरासाठी सून हात वर करी, आणि सासू पदराआड हसे.

माझे वडील कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रिटायर झाल्यावर दिवसभर खिडकीशी बसून असत, म्हणून मीच आग्रह करून त्यांना नेलं. मी मुंबईला चित्रकला शिकत होतो, आणि त्या दिवशी वर्गातला एक मित्र सोबत होता. वडिलांनी बागेतलं लोखंडी बाक निवडलं. आधी विती घालून ते मोजलं, मग पट्टी लावून एकाच कागदावर तीनदा काढलं. समोरून, वरून, बाजूने. बाण दाखवून मापंही लिहिली. जन्मभर त्यांनी प्रत्येक वस्तू अशीच काढली होती. एकाच बाजूने काढणं म्हणजे अर्धंच सांगणं, असं त्यांना वाटे.

तो कागद मोर आणि डोंगरांच्या मधोमध लागला. मित्र माझ्या कानाशी पुटपुटला, "हे चित्र आहे की वेल्डरला ऑर्डर?" मी हसलो. तेवढ्यात मास्तर तिथे पोचले.

"हे कुणाकडचं?"

वडील माझ्याकडे बघत नव्हते, दोरीकडे बघत होते. मी हात खिशात घातले. मास्तरांनी पुन्हा विचारलं, तरी ते खिशातच राहिले.

"हमारा है," वडिलांशेजारी बसलेली सिंधी बाई म्हणाली. ती उल्हासनगरहून नातीला घेऊन यायची. "भाई है मेरा. आमच्याकडचंच."

लोक हसले, मास्तर पुढे गेले. परतताना वडील एवढंच म्हणाले की बाकाच्या पाठीचं माप जरा चुकलं.

त्यानंतर ते एकटेच जाऊ लागले. ते मला चल म्हणत नसत, मी येतो म्हणत नसे. आईकडून कळलं की ती सिंधी बाई आपलं सिंधमधलं घर कसं होतं ते सांगते आणि वडील ते काढताहेत. लहानपणी फाळणीत सुटलेलं घर, फोटोसुद्धा नव्हता. जिना कुठे वळायचा, अंगणात सावली कुठपर्यंत यायची, सगळं वडील विचारून घेत, खोडत, पुन्हा काढत.

पावसाळा सरल्यावर मी गेलो. घर दोरीवर लागलेलं होतं. समोरून, वरून, बाजूने. बाई कागदावर बोट फिरवून नातीला सांगत होती, इथे चूल, इथे आम्ही बहिणी झोपायचो. मी ते घर काढलं असतं तर समोरून काढलं असतं, छान ऊन पाडून. बाईला दाराबाहेरच उभं राहावं लागलं असतं.

मास्तर अजून दोन चित्रं अलीकडे होते तेव्हाच मी हात वर केला.

"अरे, मी विचारलं तरी का?" मास्तर म्हणाले.

"आमच्याकडचं," मी म्हणालो.

बाई वडिलांकडे बघून म्हणाली, "लड़का है आपका? मला वाटलं, तुम्हाला कुणी नाही."

वडिलांनी मान हलवली. होय अशी की नाही अशी, मला कळलं नाही. माफी मी तेव्हा मागितली नाही, नंतरही कधी नाही. लोक पांगल्यावर त्यांनी पिशवीतून टेप काढला आणि त्याचं टोक माझ्यापुढे धरलं.

"घसरगुंडी मोजायचीय. वर चढ, माझे गुडघे दुखतात."

मी चढलो.