मुहूर्ताला उरले तेवीस तास

आता सांगतोच, पण हसायचं नाही. आणि हसलात तरी मी माघार घेणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो!

भाचीचं लग्न होतं, अंबरनाथ पूर्वेला. मुहूर्त बारा एकतीसचा. आमच्याकडे लग्न कधी मुहूर्तावर लागलंय? मी ताईला छातीठोकपणे सांगितलं, "या वेळी एक मिनिट उशीर नाही. मी बघतो ना!"

कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगचं पायथन नुकतंच शिकलो होतो. अंगात आलं होतं म्हणा! माझा मित्र घनश्याम, त्याचं जवळच, कॅम्प तीन भागात टीव्हीचं दुकान. तिथला सगळ्यात मोठा टीव्ही उचलून हॉलमध्ये आणला, लॅपटॉप जोडला. मुहूर्तातून आत्ताची वेळ वजा केली, की उरलेला वेळ पडद्यावर! पायथन दिवस वेगळे देतं, तास-मिनिटं वेगळी. दिवस मी गाळून टाकले. लग्न आजच आहे, दिवस कशाला हवेत?

सकाळपासून नुसतं कौतुक. मी कॉलर ताठ करून लॅपटॉपपाशी. मिनिटं संपली, शून्य आलं आणि लगेच पडद्यावर झळकलं: 'मुहूर्ताला उरले २३ तास ५९ मिनिटे.'

"अगो बाई, लग्न उद्यावर गेलं?" आत्या ओरडली.

घनश्याम घाबरला. "भाऊ, शादी कल है तो खाना आज काहे को?"

"कुणी जागचं हलू नका!" मी गरजलो. "पायथन चुकत नाही!"

आणि नाहीच चुकलं! वेळ उलटली की ते म्हणतं, उणे एक दिवस, अधिक तेवीस तास एकोणसाठ मिनिटं. हिशेब चोख. तो उणे दिवस मी गाळला होता, एवढंच! पण मुहूर्त टळल्यावर काय दिसेल, हे मी कशाला तपासू? लग्न वेळेवर लागणार होतं ना? मग चूक कुणाची? उशीर करणाऱ्याची!

मी खाली मान घालून कोड दुरुस्त करायला लागलो. माइकवर गुरुजी कुणाला तरी बोलावत होते. बोलावू देत.

तेवढ्यात ताई दातओठ खात आली.

"हे बदलापूरवाले वऱ्हाडी नाचत बसले असणार!" मीच आधी सुरू केलं.

"नवरदेव कधीचा अंतरपाटामागे उभा आहे!"

"मग गुरुजी?"

"त्यांचा घसा बसला हाका मारून!"

"मग अडलंय कुणासाठी? नाव सांग! आत्ता जाऊन जाब विचारतो त्याला!"

ताईने भर हॉलमध्ये माझा कान धरला. गुरुजींचा आवाज आता नीट ऐकू आला. "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं! अहो, किती वेळा सांगू?"

भाचीला मामा एकच आहे. तरी सांगतो, पायथन बरोबर होतं!